नॅस दिसत नाही: उपायांच्या यादीची चिकित्सा

पेट किंवा नेटच्या तयारीत असलेल्यांसाठी मी इथे संशोधन पद्धतीतली एकेक संकल्पना उलगडून लिहीत असते. आज चिकित्सेसाठी पुस्तक किंवा शोधनिबंध न घेता एक यादी घेतली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती कधी ना कधी वापरली असेल.

घरात नेटवर्क स्टोरेज, म्हणजे बोलीभाषेत 'नॅस', आणलेला असतो. राउटरला जोडलेला एक छोटा डबा, त्यात एक-दोन हार्ड डिस्क, आणि घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना वापरता येईल असा सामायिक साठा. एक दिवस लॅपटॉपच्या 'नेटवर्क' खिडकीतून तो गायब होतो. मग कुणीतरी उपायांची यादी पाठवतं: राउटर बंद करून चालू करा, नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, सगळीकडे वर्कग्रुपचं नाव सारखं ठेवा, फायरवॉल बंद करा, आणि शेवटचा रामबाण, विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी१ चालू करा. या पाचांतला कुठला तरी लागू पडतो आणि विषय संपतो.

माझा आक्षेप असा की या यादीने प्रश्न सुटला तरी काहीच कळत नाही, आणि कधी कधी सुटलेल्या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न घरात येऊन बसतो. यादीतले दोष नेमके तेच आहेत जे आपल्या सिनॉप्सिसमध्ये गाइड लाल पेनाने खुणावतात. म्हणून ती बारकाईने वाचणं हा चांगला सराव आहे.

आक्षेप पहिला: प्रश्नाची व्याख्याच नाही

'दिसत नाही' हे निरीक्षण आहे की तक्रार? संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर या शब्दाला कार्यात्मक व्याख्या नाही. घरच्या नेटवर्कवर 'नॅस दिसत नाही' या एका वाक्यात निदान चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

१. नेटवर्क खिडकीतल्या यादीत त्याचं नाव येत नाही.
२. नाव टाकलं तर त्या नावाचा आयपी पत्ता सापडत नाही.
३. पत्ता माहीत आहे, पण लॅपटॉपचा निरोप नॅसपर्यंत पोचत नाही.
४. निरोप पोचतो, नॅस दारही उघडतो, पण 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला दिलेलं उत्तर त्याला पटत नाही.

पहिल्यात जाहिरात बिघडलेली आहे, दुसऱ्यात पत्त्यांची वही, तिसऱ्यात रस्ता आणि चौथ्यात ओळखपत्र. रस्ता बंद असताना वर्कग्रुपचं नाव बदलून काय होणार? आणि फक्त जाहिरात बिघडलेली असताना फायरवॉल का उघडी टाकायची?

गंमत म्हणजे हे चार वेगळे करणारी कसोटी अगदी सोपी आहे. नॅसचा आयपी पत्ता राउटरच्या पानावर, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मिळतो. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा मारून तो पत्ता टाका, समजा १९२.१६८.१.२०. फोल्डर उघडले, तर रस्ता ठीक, ओळख ठीक. बिघाड फक्त जाहिरातीत किंवा नावात. पासवर्ड विचारून नकार आला, तर रस्ता ठीक, ओळख चुकली. काहीच उत्तर आलं नाही, तर रस्त्याकडे बघा. अर्ध्या मिनिटाची ही कसोटी बहुतेक याद्यांमध्ये नसते, कारण ती 'उपाय' नाही. तिच्याने काही दुरुस्त होत नाही, फक्त कळतं.

आक्षेप दुसरा: मोजण्याचं साधन तपासलेलं नाही

आता त्या नेटवर्क खिडकीकडे बघू. आपण ती उघडतो तेव्हा वाटतं की विंडोज या क्षणी घरभर नजर फिरवून काय काय जोडलंय ते दाखवतंय. तसं नाही. ती खिडकी म्हणजे हजेरीपट आहे. ज्या उपकरणाने योग्य भाषेत 'हजर' म्हटलं, त्याचंच नाव त्यात येतं. सोसायटीच्या जिन्याखाली नावांची पाटी असते ना, तसं. पाटीवर नाव नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावर कुणी राहतच नाही, असं आपण म्हणत नाही.

जुन्या पद्धतीत हा हजेरीपट नेटबायॉसच्या आधारावर चालायचा. टीसीपी-आयपीवर नेटबायॉस कसं चालवायचं याची मानकं, आरएफसी १००१ आणि १००२, १९८७ सालची. नेटवर्कवरची यंत्रं आपसात निवडणूक घेऊन एकाला 'मास्टर ब्राउझर' नेमत आणि तो यादी सांभाळी. बाकीच्यांनी ठरावीक वेळाने हजेरी द्यायची. सुरुवातीला लवकर लवकर, मग अंतर वाढत वाढत दर १२ मिनिटांनी. सलग तीन हजेऱ्या चुकल्या की नाव काढायचं. म्हणजे बंद पडलेलं यंत्र साधारण ३६ मिनिटं यादीत 'हजर' राहू शकायचं, आणि यादी सांभाळणाराच बंद पडला तर पुन्हा निवडणूक होईपर्यंत जिवंत यंत्रंही गायब व्हायची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग २०१७ आलं. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० ही सुरक्षा दुरुस्ती दिली, आणि मे महिन्यात ती न बसवलेल्या यंत्रांवर वॉनाक्राय पसरलं. ब्रिटनच्या एनएचएसमधल्या इस्पितळांचं काम त्याने विस्कळीत केलं. ज्या खिंडीतून ते शिरलं ती खिंड एसएमबी१ मधली होती. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याची रीत, आणि एसएमबी१ ही तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी१ चा सर्व्हर येणं बंद झालं. होम आणि प्रोमध्ये क्लायंट होता, पण एकूण १५ दिवस वापरला गेला नाही तर तो आपोआप निघून जाऊ लागला. आणि हजेरीपट सांभाळणारी 'कॉम्प्युटर ब्राउझर' सेवा एसएमबी१ वर अवलंबून असल्यामुळे तीही त्याच्याबरोबर गेली.

परिणाम काय झाला? ज्या घरात नॅस नव्या एसएमबी२ किंवा एसएमबी३ वरून फाइली देत होता, तिथे एसएमबी१ ची गरजच नव्हती. ते निघून गेलं, फाइली पूर्वीसारख्याच मिळत राहिल्या असत्या, पण पाटीवरचं नाव पुसलं गेलं. घरच्यांना वाटलं, नॅस बिघडला.

नव्या विंडोजमध्ये पाटी लिहिण्याचं काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरी करतं, यूडीपी पोर्ट ३७०२ वरून. जुन्या नॅसला ही भाषा येत नाही. लिनक्सवर सांबा चालवणाऱ्यांना त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. मॅक मात्र बॉनजूर, म्हणजे एमडीएनएस, पोर्ट ५३५३ वरून ऐकतो. त्यामुळे 'मॅकला दिसतो, विंडोजला दिसत नाही' यात विरोधाभास काही नाही; दोघे दोन वेगळ्या पाट्या वाचताहेत. आणखी एक मजा: कधी नॅस त्याच खिडकीत 'मीडिया डिव्हाइस' म्हणून दिसतो, पण 'कॉम्प्युटर' म्हणून नाही. ती तिसरी पाटी, आणि तिच्यावर क्लिक करून फोल्डर उघडत नाहीत.

प्रश्नावली भरून घेतल्यावर 'अमुक गावात ही समस्या नाही' असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारतो की तुमचा प्रश्न लोकांना कळला होता का. नेटवर्क खिडकीलाही तोच प्रश्न विचारायला हवा.

आक्षेप तिसरा: 'चाललं' म्हणजे कारण सापडलं नाही

हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यादीतले पाचही उपाय एका दमात करायचे असतात. एसएमबी१ चालू केल्यावर विंडोज रीस्टार्ट मागतं. रीस्टार्टमध्ये शोध घेणाऱ्या सेवा नव्याने सुरू होतात, अडकलेली जुनी लॉगिन सत्रं सुटतात, नेटवर्क जोडणी पुन्हा होते. मग नॅस दिसला तर श्रेय कुणाचं? एसएमबी१ चं, की रीस्टार्टचं, की आधीच्या चारांपैकी कुणाचं?

आणि ती १२ मिनिटं आठवा. जिथे जुना हजेरीपट चालतो तिथे नाव यायला मुळातच वेळ लागतो. तुम्ही यादीतला तिसरा उपाय केला, चहा ठेवला, चौथा केला आणि नाव झळकलं. कदाचित तुम्ही काहीच केलं नसतं तरी झळकलं असतं. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये आंतरिक वैधतेला असलेल्या धोक्यांची जी मांडणी केली, तिच्यातले 'इतिहास' आणि 'परिपक्वन' तुम्ही पेटसाठी पाठ केले असतील. हजेरीची वाट बघणारा नॅस हे परिपक्वनाचं घरगुती उदाहरण समजा: केवळ वेळ गेल्याने झालेला बदल आपण उपचाराच्या खात्यावर लिहितो.

यावर तोडही पाठ्यपुस्तकातलीच आहे. उपाय मागे घ्या. एसएमबी१ पुन्हा काढा, रीस्टार्ट करा, बघा. नॅस तरीही दिसत असेल, तर एसएमबी१ हे कारण नव्हतं. दिसेनासा झाला, तर पुन्हा चालू करा. पुन्हा दिसला तर तुमच्या दाव्यात आता थोडा दम आहे. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदल उलटवून बघणं, इतकंच.

इथे न्यायाने एक सांगायला हवं: एसएमबी१ चा उपाय पुष्कळदा खरोखर लागू पडतो. पण दोन वेगळ्या परिस्थितींत, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. एक, नॅस इतका जुना आहे की त्याला एसएमबी१ शिवाय काही येतच नाही. तेव्हा आयपी पत्ता टाकूनही फोल्डर उघडणार नाहीत. दोन, नॅसला नवी भाषा येते, फक्त पाटी जुन्या सेवेवर अवलंबून होती. तेव्हा आयपी पत्त्याने सगळं व्यवस्थित उघडेल. पहिल्यात निर्णय उपकरणाबद्दल घ्यायचा असतो: फर्मवेअर नवं करता येतं का, नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी२ चा पर्याय आहे का, नसेल तर माहिती बाहेर काढून त्याला निवृत्त करायचं का. दुसऱ्यात काहीच निर्णय लागत नाही. पत्त्यावरून ड्राइव्ह मॅप करा, राउटरमध्ये नॅससाठी तो पत्ता राखून ठेवा, झालं. यादी दोघांना एकच गोळी देते.

ती गोळीही नीट दिलेली नाही. विंडोज फीचर्समध्ये एसएमबी१ च्या खाली क्लायंट आणि सर्व्हर असे वेगळे चौकोन असतात. जुन्या नॅसपर्यंत जायला क्लायंट पुरतो. यादी सांगते 'टिक करा', आणि वरचा चौकोन टिकला की सर्व्हरही बसतो. वॉनाक्रायने वापरलेली खिंड सर्व्हरच्या बाजूची होती.

एक घर घेऊ

समजा एक फ्लॅट आहे. फायबर कंपनीने दिलेला वायफायचा डबा हॉलमध्ये. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून तिथे दुसरा राउटर लावला, हॉलमधून वायर ओढून. नॅस हॉलच्या डब्याला जोडलेला, लॅपटॉप आतल्या राउटरच्या वायफायवर. घरच्यांच्या मते घरात 'एकच नेट' आहे. प्रत्यक्षात दोन नेटवर्क आहेत: बाहेरचं १९२.१६८.१ ने सुरू होणारं, आतलं १९२.१६८.० ने.

आता अनुमान करा. 'हजर' म्हणण्याची हाक राउटर ओलांडत नाही, म्हणून आतल्या लॅपटॉपच्या खिडकीत नॅस येणार नाही. पण आतून बाहेर जाणारी मागणी आतला राउटर जाऊ देतो, म्हणून आयपी पत्ता टाकला तर नॅस उघडेल. आता जागा बदला: नॅस आत, लॅपटॉप हॉलमध्ये. या वेळी आयपी पत्ता टाकूनही उघडणार नाही, कारण बाहेरून आत येणारी अनाहूत मागणी आतला राउटर अडवतो.

हे अनुमान एकतर्फी आहे, म्हणून ते मोलाचं आहे. एका दिशेने चालेल, दुसऱ्या दिशेने चालणार नाही, असं इतर बहुतेक स्पष्टीकरणं सांगत नाहीत. ते खरं ठरलं तर 'दोन राउटर' हे गृहीतक चांगलंच बळकट होतं. उपाय: आतला राउटर 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका. यादीतल्या पाच उपायांपैकी एकही या घराच्या कामाचा नाही. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी दोनाचा एक होत नाही.

याच जातीचा दुसरा बिघाड म्हणजे लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर असणं, किंवा वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारं सेटिंग चालू असणं. कसोटी तीच, तुलना: वायर लावून बघा. वायरने चालतं, वायफायने नाही, तर शोध तिथेच आवळत आणा. इथे पिंगवर फार विसंबू नका. पिंगला उत्तर न देणारं यंत्र जिवंत असू शकतं, कारण फायरवॉल तेवढंच अडवत असेल. पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शनने पोर्ट ४४५ उघडं आहे का ते बघा. फाइलींची वाहतूक त्याच दाराने होते.

आक्षेप चौथा: यादीवर तारीख नाही

जुन्या यादीतला 'पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून प्रवेश चालू करा' हा सल्ला एके काळी निरुपद्रवी वाटायचा. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत एसएमबी जोडणीला सायनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं झालं आणि प्रोमध्येही पाहुण्यांचा असा प्रवेश मुळात बंद झाला. सहीची किल्ली वापरणाऱ्याच्या लॉगिनमधून तयार होते. पाहुण्याला लॉगिनच नाही, तर सही कुठून आणणार? अपडेटनंतर 'अचानक' बंद पडलेल्या नॅसचं हे एक सरळ स्पष्टीकरण आहे. उपायही सरळ आहे: नॅसवर नाव-पासवर्डाचं खातं उघडा, नॅसच्या सेटिंगमध्ये सायनिंग चालू करा, आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनी नोंद काढा. सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीत एसएमबी१ मुळातून बंद ठेवायला सुरुवात केली होती.

म्हणजे उपाय काळाशी बांधलेले असतात. साहित्याचा आढावा घेताना आपण निष्कर्षासोबत साल आणि संदर्भ का नोंदवतो, याचं यापेक्षा रोखठोक उत्तर मला माहीत नाही. २०१५ मधला खरा सल्ला २०२५ मध्ये खोटा ठरतो, आणि सांगणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

यादीच्या बाजूने

यादीची बाजूही ऐकू. मुलाच्या शाळेचा दाखला नॅसवर आहे आणि तो उद्या सकाळी हवाय, अशा माणसाला कार्यात्मक व्याख्या ऐकायच्या नसतात. यादी छोटी असते, फोनवरून वाचून दाखवता येते, आणि 'आधी वायर तपासा' हा तिचा पहिला सल्ला उत्तम आहे: स्वस्त, निर्धोक आणि बऱ्याचदा बरोबर. उपायांचा क्रम खर्च आणि शक्यता बघून लावणं यात अशास्त्रीय काही नाही.

माझी तक्रार तीन गोष्टी गाळल्याबद्दल आहे. प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवं, ते लिहिलेलं नाही. दिसलं नाही तर कुठे वळायचं, तेही नाही. आणि केलेला बदल परत कसा फिरवायचा, ते तर कुठेच नाही. फायरवॉल दोन मिनिटं बंद करून बघणं ही कसोटी आहे. ती बंदच राहू देणं ही निष्काळजी आहे. यादी या दोघांत फरक करत नाही.

याची किंमत काय, ते तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचं. उद्या तुम्ही क्षेत्रकार्याला जाल, मुलाखती ध्वनिमुद्रित कराल, संमतीपत्रांवर सह्या घ्याल, आणि हे सगळं अशाच एखाद्या डब्यावर ठेवाल. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, इंटरनेटवर उघड्या असलेल्या माय बुक लाइव्ह उपकरणांवरची माहिती दुरून पुसली गेली. लोकांनी सकाळी उठून पाहिलं तर डबा रिकामा. 'दिसत नाही' या त्रासापोटी राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवणारे, डीएमझेडमध्ये नॅस टाकणारे सल्लेही फिरत असतात. घरातल्या लॅपटॉपला नॅस दिसायला इंटरनेटवरून आत येणारं एकही दार उघडावं लागत नाही. तुमच्यावर विश्वास ठेवून बोललेल्या माणसांचे आवाज त्या डब्यात असतात, हे विसरून चालणार नाही.

मग यादी कशी असावी?

१. राउटरच्या पानावर नॅसचा पत्ता आहे का? नसेल तर वायर, वीज, किंवा दुसरं नेटवर्क.
२. लॅपटॉपचा आणि नॅसचा पत्ता एकाच नेटवर्कातला आहे का? नसेल तर दुसरा राउटर, गेस्ट वायफाय किंवा व्हीपीएन.
३. पत्ता टाकून फोल्डर उघडतात का? उघडले तर ड्राइव्ह मॅप करा. पाटीची काळजी नंतर. उत्तरच नाही आलं तर पोर्ट ४४५ तपासा. पोर्ट उघडं असूनही जोडणी होत नसेल तर नॅसची एसएमबी आवृत्ती बघा.
४. नकार आला तर तो कोणत्या शब्दांत? तो संदेश जसाच्या तसा लिहून घ्या. खातं, सायनिंग, जुनी नोंद या क्रमाने जा.

आणि शेजारी एक वही: वेळ, काय बदललं, काय अपेक्षित होतं, काय घडलं, परत फिरवलं का.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. कोणतीही उपायांची यादी घ्या, नॅसची नसली तरी चालेल, प्रिंटरची घ्या. प्रत्येक पायरीसमोर लिहा की ती कोणतं गृहीतक तपासते आणि कोणता निकाल आला तर ते गृहीतक पडेल. ज्या पायरीसमोर काहीच लिहिता येणार नाही, तिथे खूण करा. मग तीच पेन्सिल घेऊन तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'संशोधन पद्धती' हे प्रकरण उघडा आणि तिथेही तेच करा.